हळदीत गायलेलं सुनीत

मी चौदा ओळींची कविता बोलतेय. शिकलेली माणसं मला सुनीत म्हणतात आणि मोजूनमापून वागवतात, म्हणून मीही जरा ताठ्यात असे.

माझा जन्म खारघरच्या कॉलेजात, प्रांजलच्या वहीत झाला. पनवेलजवळच्या तिच्या गावी बहिणीचं, दिपाचं लग्न ठरलं होतं. त्यांची हौसाआत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, ती पारंपरिक विधीची गाणी, गाणारी. पण डीजे आला आणि तीन वर्षं तिला कुणी गायला बोलावलं नाही. आता ती घरातही गुणगुणत नसे. प्रांजलला ते बघवेना, म्हणून आत्याने दिपाच्या हळदीत गावं यासाठी तिने मला लिहिलं.

आधी मला इटालियन वळणाने बांधलं. पहिल्या ओळीचं यमक चौथीशी, मधल्या दोघींचं एकमेकींशी; अशा आठ ओळी, मग सहा ओळींत बोलणं वळणार. आत्याला वाचता येत नाही. कोळंबी सोलत तिने मला ऐकलं.

"यमक कवा यायचं गो? बाया त्यावरच आवाज उचलतात. तवर काय हाताची घडी घालून बसायचं त्यांनी?"

माझा ताठा तिथेच उतरला.

मग इंग्रजी घडण. चार-चार ओळींची तीन कडवी, एकाआड एक यमक, शेवटी जुळ्या दोन ओळी. "ही जोडी बाया धरतील," आत्या म्हणाली. पण तिसरं कडवं तिला काही केल्या आठवेना. "आता नाय जमायचं," म्हणून ती उठली. मला खरंच भीती वाटली. आता उठली ती पुन्हा कधीच गायला बसणार नाही.

प्रांजलने आणखी एक घडण शोधली आणि आत्याला पुन्हा ऐकायला बसवलं. तीत कडव्याच्या शेवटच्या ओळीचं यमक पुढच्या कडव्याची पहिली ओळ उचलते. आता एक कडवं संपलं की पुढचं आपोआप आत्याच्या ओठी येई.

हळदीला डीजे दहा मिनिटं थांबवला. आत्याचा आवाज आधी कापला, मग लागला. शेवटी ती म्हणाली,

"दिपा चालली सासरी, सोबत काय गं न्यावं?
आत्याचं एक गाणं तिने ओटीत बांधून घ्यावं."

मांडवातल्या बायांनी ते उचललं, पुन्हा पुन्हा म्हटलं. इतक्या तोंडांत मी कधी फिरले नव्हते. मला आनंद आवरेना.

शेजारची कृष्णाबाई हळदीच्या हातांनीच पुढे आली. "हौसाबाय, आमच्या अंकुशच्या हळदीला येशील ना?"

आत्याने मान डोलावली. मग प्रांजलला म्हणाली, "त्याच्यासाठी नवीन लिव. शेवटच्या दोन ओळी मी सांगते."

तर मंडळी, मला धाकटी बहीण होणार आहे. तिला ऐकायला या. फक्त शेवटच्या दोन ओळींना गप्प बसू नका.