दहा दिवसांचा पाऊस

खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावर पुंजाच्या अंगणात एका परदेशी संस्थेचं पर्जन्यमापक होतं. हवामान बदलतंय, त्यात गावं तगावीत म्हणून ही संस्था देशोदेशी मदत करी. पुंजा जेमतेम चौथी शिकलेला. पण रोज साडेआठला पाणी मोजून वहीत आकडा लिही. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

चार ऑगस्टला त्याचा ताप डोक्यात गेला. थोरल्या लेकानं, देवानंदनं आणि शेजाऱ्यांनी दवाखान्यात न्यायला डोली उचलली, पळत ओहोळापर्यंत आणली. ओहोळ दुथडी भरलेला. पाणी उतरायच्या आधीच पुंजा थंड झाला.

सुतकात त्याच्या मापाला कुणी शिवलं नाही. दिवस झाल्यावर देवानंदनं साचलेलं सगळं पाणी एकदम मोजलं. तीनशे ऐंशी मिलिमीटर. मधल्या रकान्यांत त्यानं शून्यं घातली. "मोजलाच नाय, मं शून्यच ना?"

संक्रांतीला संस्थेचा गोरा साहेब आला. सोबतच्या उज्ज्वला मॅडम वही बघून थबकल्याच. "दहा दिवस कोरडे, मग एका दिवसात एवढा! हवामान बदलाचा फटका बसलेलं असंच गाव आम्हाला हवंय. ओहोळावर साकव होईल. आकडे खरे आहेत, अशी घरच्या कुणाची तरी सही लागेल."

सही करायला पुढं केलं ते पुंजाच्या धाकट्या लेकीला, कविताला. ती जव्हारच्या शाळेत शिकवायची. चार ऑगस्टसमोर शून्य होतं. त्याच दिवशी ओहोळानं बापाची डोली अडवली होती.

शेजारचा तुका कानाशी आला. "मास्तरीणबाई, आज इथं शाळा नको भरवूस. आमच्या सरूला तिसरा महिना लागलाय. ऐन आषाढात अडली, तर काय तुझ्या खरेपणावरून पलीकडं नेऊ?"

कवितानं सही केली.

साहेब हळू आवाजात काही बोलला. मॅडमनी विचारलं, "वडील कशानं गेले?"

"तापानं."

"दवाखान्यात नेलं नव्हतं?"

"निघालो होतो. उशीर झाला."

"कशामुळं?"

ओसरीवर वरई पाखडणाऱ्या तिच्या आईचं, सोमीचं सूप थांबलं. म्हातारीला शाळेतली मराठी फारशी येत नसे, पण एवढं कळत होतं.

"घरच्यांनीच उशीर केला," कविता म्हणाली. "वेळेवर उचललं नाही."

मॅडमनी ते लिहून घेतलं. देवानंद कुडाला टेकून उभा होता. बहिणीकडं न बघता तो अंगणातून उतरला आणि शेताच्या वाटेला लागला.