बदकाला विचारलेले प्रश्न

रविवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता, बालीगंजमधल्या भाड्याच्या घरात, पाहायला आलेल्या मंडळींसमोर वृंदा मिरजकर बदकाच्या आवाजात बोलली. साल १९५३, महिना नोव्हेंबर.

हा आवाज तिने चौरंगीच्या थिएटरात उचलला होता. इंग्रजी सिनेमाच्या आधी कार्टून दाखवत. त्यातली बदके, मांजरे, अस्वले ती घरी येऊन हुबेहूब वठवी. बदकासाठी एका गालात हवा कोंडायची आणि शब्द तिथून पिळून काढायचे. कलकत्त्यातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिने पडद्यामागून हे केले, तेव्हा खेरांची धाकटी लीना खुर्चीवर उभी राहून नाचली होती. खेर तीन पिढ्यांचे कलकत्तेकर, लीनाचा भाऊ श्यामसुंदर डॉक्टर. सरकारी बदलीवर आलेले वृंदाचे वडील दिगंबर मिरजकर मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते. त्याआधी मुलीचे उरकायला हवे होते, आणि बदकाच्या कृपेने हे स्थळ चालून आले होते.

वृंदाची अट एकच. लहानपणी गोवरात तिचा डावा कान गेला होता. ते आधी सांगायचे.

"ठरू दे, मग सांगू," दिगंबरराव म्हणाले होते.

"ठरल्यावर सांगणं म्हणजे फसवणं, बाबा."

"तू आम्हाला शिकवू नकोस," असे म्हणून आई प्रेमलताबाईंनी पाहुण्यांच्या सगळ्या खुर्च्या तिच्या उजव्या हाताला मांडल्या. डावीकडे खिडकी राहिली.

पोहे झाले. श्यामसुंदरची आई सुहासिनीबाई म्हणाल्या, "गाणंबिणं राहू दे. लीनानं डोकं खाल्लंय आमचं. बदक करून दाखव. आणि आता सगळी उत्तरं त्याच आवाजात हं!"

वृंदाने आईकडे पाहिले. प्रेमलताबाईंनी हळूच होकाराची मान हलवली.

नाव, शिक्षण, पुरणपोळी येते का. प्रत्येक उत्तरावर खेर मंडळी एकमेकांच्या अंगावर कोसळत होती.

"बदकताई," सुहासिनीबाईंनी डोळे पुसत विचारले, "तुमच्यात खोट काय ती सांगून टाका एकदा!"

"डाव्या कानानं मला अजिबात ऐकू येत नाही," बदक म्हणाले.

सगळ्यांत मोठा हशा याच उत्तराला मिळाला. दिगंबरराव हसले. प्रेमलताबाईही, जरा उशिरा, हसल्या.

"खरंच सांगते मी," वृंदा स्वतःच्या आवाजात म्हणाली. "गोवर झाला होता, तेव्हा..."

"हा आवाज नको!" लीना ओरडली. "ते बदकानं सांगायचं!"

"सांग गं, पोरीचं मन मोडू नकोस," सुहासिनीबाई म्हणाल्या.

वृंदाने गालात हवा भरली आणि गोवराची हकीगत बदकाच्या आवाजात पहिल्यापासून सांगितली. ताप किती दिवस होता, बाबांनी डॉक्टरला कधी बोलावले, सगळे. लीना हसून हसून जमिनीवर लोळली.

श्यामसुंदर तेवढा हसायचा थांबला होता. मोटार नीट उभी आहे का बघतो म्हणून तो खिडकीशी गेला. परतताना वृंदाच्या मागे वाकून तो तिच्या डाव्या कानाशी हलकेच काही बोलला. वृंदा समोर पाहत राहिली. लीनाने तोंडावर हात ठेवला. दादा काय बोलला ते तिला ऐकू गेले होते.

तो जागेवर येऊन बसला. "लीना," तो म्हणाला, "ते कानाचं पुन्हा एकदा म्हणायला लाव ना तिला."

वृंदाने पुन्हा एकदा म्हटले. या वेळी तोही हसला.

गुरुवारी खेरांचा निरोप दिगंबररावांच्या कचेरीत आला. रविवारी लीनाचा वाढदिवस. वृंदाला पाठवावे, जमल्यास अस्वलाचीही तयारी ठेवावी. लग्नाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते आणि दिगंबररावांनी विचारले नाही.

"नाही म्हटलं तर तुटेल," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"तुटायला काही ठरलंय का, आई?"

दिगंबररावांनी मुलीला न विचारता होकार कळवला आहे. खेरांची मोटार रविवारी चारला येईल. शनिवार दुपारपर्यंत वृंदाने जाते म्हटलेले नाही, जात नाही असेही म्हटलेले नाही.