चार बोटे उंच गाडी

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट डुलक्या घेत ऐकण्याची नाही. देवाचे नाव घ्या आणि कान इकडे द्या. गोष्ट एका गाडीची आहे, तिच्या चाकांची आहे, आणि त्या गाडीतून ज्यांना आणायचे होते त्यांच्या पावलांची आहे.

रत्नागिरीत गुरुप्रसाद नावाचे गृहस्थ राहतात. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले त्याला चार वर्षे झाली. जन्मभर वाचनालयात काढल्यामुळे बोलणे हळू आणि मोजके, पण कीर्तनाचे नाव काढा, माणूस फुललाच. कुठे बुवा उभे राहणार कळले की हे पहिल्या रांगेत. पूर्वरंगात डोळे मिटून, उत्तररंगात डोळे पुसत.

त्यांचे मूळ गाव संगमेश्वरच्या अलीकडे, सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या कातळाचा उघडा माळ, आणि त्या माळाच्या टोकाला लक्ष्मीनारायणाचे देऊळ. त्रिपुरी पौर्णिमेला तिथे उत्सव असतो आणि उत्सवाचे कीर्तन गेली अडतीस वर्षे एकच व्यक्ती करते, संगमेश्वरचे चिंतामणीबुवा. गावची रीत अशी, की बुवांना त्यांच्या घरून देवळाच्या दारापर्यंत आणायचे ते ज्या घराची पाळी असेल त्याने. अकरा घरे, त्यामुळे पाळी अकरा वर्षांनी येते. यंदा ती गुरुप्रसादांची होती.

आता गेल्या वर्षीचे सांगतो, कारण सगळे तिथून सुरू झाले. बुवांना ब्याऐंशी पूर्ण झालेली, गुडघे आखडलेले. पाळीवाल्यांनी आणलेली जीप उंच. बुवांचा पाय चढेना. तेव्हा मंडळींनी घाईघाईत त्यांना दोन्ही काखांत धरून उचलले आणि आत बसवले. उचलणाऱ्या दोघांत डावीकडचे होते आपले गुरुप्रसाद. कीर्तन नेहमीसारखे रंगले. आरती झाल्यावर मात्र त्यांनी गुरुप्रसादांना बाजूला घेतले.

"गुरुप्रसाद, पुढच्या वर्षी दुसरे बुवा बघा. उचलून आणायचं ते पालखीतल्या देवाला. मी माणूस आहे, आपल्या पायांनी देवापुढे येणारा."

हे वाक्य गुरुप्रसादांना वर्षभर टोचत राहिले. अडतीस वर्षांचे कीर्तन आपल्या डाव्या-उजव्या हातांनी बंद पाडले, असे त्यांना वाटे. शेवटी नवरात्रात ते संगमेश्वरला गेले आणि बुवांच्या झोपाळ्यापुढे हात जोडून बसले. बुवा बराच वेळ झोके घेत राहिले. मग म्हणाले, आपणहून गाडीत चढता आले तर येतो, पण मध्ये कोणाचा हात लागला तर तिथूनच घरात परत फिरेन.

निघताना गुरुप्रसादांनी बुवांच्या सुनेला, दर्शनाला, हळूच विचारले की बुवा अंगणात उतरतात का. ती म्हणाली, उतरतात तर, काठीसुद्धा घेत नाहीत. बस्स. गुरुप्रसादांनी खिशातली सुतळी काढली, कोणी बघत नाही असे पाहून अंगणातून पहिल्या पायरीपर्यंतची उंची मोजली आणि तिथे गाठ मारली. वीत आणि चार बोटे. या पायरीवर बुवा चढत असतील तर एवढीच पायरी असलेल्या गाडीतही चढतील, असा त्यांचा सरळ हिशेब.

घरी नवी गाडी घ्यायचे चाललेच होते. जुनी छोटी गाडी सड्याच्या रस्त्यावर पोट घासत असे. मुलगा मुकुल मुंबईला नोकरीला, त्याने मधल्या आकाराची एसयूव्ही पक्की केली होती. सहा माणसे, सामान, आंब्याच्या पेट्या, सगळे मावेल अशी. तो दोन दिवसांची रजा काढून आला आणि तिघे, म्हणजे तो, गुरुप्रसाद आणि त्यांच्या पत्नी मालिनीकाकू, मिरजोळ्याच्या शोरूममध्ये गेले.

तिथे सुजय नावाचा हसतमुख विक्रेता होता. त्याने सगळ्यात वरचे मॉडेल दाखवले. छताला काचेची खिडकी, बटण दाबले की आकाश उघडे. चाके अठरा इंची, आरशासारखी चकचकीत. मुकुलचा चेहरा उजळला. गुरुप्रसाद मात्र खाली बसले, अक्षरशः उकिडवे बसले, आणि त्यांनी टायरच्या कडेला बोट लावले. धातूचे चाक मोठे, त्यावर रबराची पट्टी जेमतेम.

"बाबा, लोक गाडी वरून बघतात," मुकुल म्हणाला.

"रस्ता खालून बघतो," गुरुप्रसाद म्हणाले, आणि त्यांनी सुतळी काढली.

सुजयला आधी वाटले हे लांबी मोजताहेत. गाडीला पायरी नव्हतीच, तळ सुतळीच्या गाठीपेक्षा वीतभर वर. तेव्हा सुजयने सांगितले की बाजूला लावायची पायरी वेगळी मिळते, साइड स्टेप म्हणतात, आणि दुसऱ्या गाडीला लावलेली दाखवली. गुरुप्रसादांनी सुतळी सोडली. गाठ पायरीच्या कडेला टेकली. एक बोटही इकडेतिकडे नाही. त्यांनी हात जोडले ते गाडीला की देवाला, हे सुजयला कळले नाही.

पायरीचे ठरले, पण टायरचे व्हायचे होते. त्यासाठी गुरुप्रसाद मुकुलला घेऊन हायवेवरच्या बाबूकडे गेले. बाबूचे पंक्चरचे दुकान, त्या सड्यावरून आलेले प्रत्येक फाटके टायर त्याच्या हातातून गेलेले. त्याने चहा मागवला, सगळे ऐकून घेतले आणि मुकुलकडे बघत म्हणाला, "चकचकीत चाक घ्या की भाऊ. वरसभर माज्याकडं येत रवाल, वळख वाढंल."

मुकुल हसला, पण बाबूने मग एक कापलेले टायर आणून दाखवले. जांभ्याचा धारदार दगड तळाला फारसे काही करत नाही, तो कडेला चावतो. रबराची कड जितकी बारकी, तितका तो चाकाच्या धातूपर्यंत लवकर पोचतो. सोळा इंची चाक आणि जाड कड घ्या, बाहेरून उंची जवळजवळ तेवढीच राहते, असे त्याने समजावले. खोल खाचांचे, चिखलातले टायर मिळतात तेही होते. ते कातळावर छान धरतात म्हणे.

गुरुप्रसादांना ते एकदम पसंत पडले. पण चालवून बघितल्याशिवाय घ्यायचे नाही, म्हणून सुजयने तसे टायर असलेली गाडी आणली. मुकुल चालवायला, सुजय शेजारी, मागे नवराबायको. गाडी डांबरी रस्त्याला लागली तसे गुरुप्रसादांनी खिडकीच्या काचा वर करायला सांगितल्या आणि खर्जात, अगदी बारीक आवाजात, षड्ज लावला.

सुजयने मान वळवून पाहिले. मुकुलने आरशातून पाहिले आणि कानापर्यंत लाल झाला.

"ऐकू येतंय का गं?" गुरुप्रसादांनी विचारले.

"तुम्ही तोंड हलवताय एवढं दिसतंय," मालिनीकाकू म्हणाल्या.

गोष्ट अशी, की चिंतामणीबुवा कीर्तनाला येताना वाटेत त्या दिवसाचे पद मनाशी गुणगुणत येतात. गळा तापवायची त्यांची तीच पद्धत. खोल खाचांचे टायर डांबरावर भुंग्यासारखे घुमत होते. या घुमण्यात बुवांना आपलाच सूर सापडणार नाही, हे गुरुप्रसादांनी तिथेच ओळखले. खाचांचे टायर बाद झाले. साध्या नक्षीचे पण जाड कडेचे टायर असलेली गाडी पुन्हा चालवली, पुन्हा षड्ज लावला. या वेळी मालिनीकाकूंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "येतंय ऐकू. थोडे उतरलात." सुजय एवढा हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

एकच अडचण राहिली. जाड कडेचे टायर मधल्या मॉडेलला येत होते आणि मधल्या मॉडेलला आकाश उघडणारे छत नव्हते. मुकुल आणि त्याची बायको ऋजुता, दोघांनी त्या छताची मनात चित्रे काढली होती. गुरुप्रसादांनी आग्रह केला नाही. फक्त गेल्या वर्षीचे, डाव्या काखेतल्या हाताचे, त्याला सांगितले. आजवर ते त्यांनी घरात कोणालाच सांगितलेले नव्हते. मुकुल फोन घेऊन बाहेर गेला, पाच मिनिटे ऋजुताशी बोलला आणि परत येऊन सुजयला म्हणाला की मधलेच मॉडेल करा, साइड स्टेप विसरू नका. ऋजुता म्हणाली होती, आकाश बघायला खाली उतरू, त्यात काय.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी घरी आली. काकूंनी नारळ वाढवला, चाकांना हळदकुंकू लावले. आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या दुपारी मुकुल, गुरुप्रसाद आणि मालिनीकाकू संगमेश्वरला बुवांच्या अंगणात उभे राहिले. गाडीचे दार उघडे, साइड स्टेप पुसून लख्ख.

बुवा आतून आले. पांढरे धोतर, खांद्यावर उपरणे, हातात झांज. आपल्या पायऱ्या ते हलकेच उतरले, कोणाकडे न बघता गाडीपाशी आले आणि त्यांनी उजवा पाय उचलला.

पाऊल पायरीला पोचले नाही. चार बोटे खाली राहिले. त्यांनी पुन्हा उचलले. पुन्हा तेवढेच अंतर राहिले. मुकुलचा हात आपोआप पुढे आला आणि गुरुप्रसादांनी त्याचे मनगट धरून तो मागे घेतला.

गुरुप्रसादांनी खिशातली सुतळी काढून बुवांच्या घरच्या पायरीला लावली. गाठ पायरीच्या वर चार बोटे तरंगत होती. मग दर्शनाच्या लक्षात आले आणि तिने कपाळावर हात मारला. नवरात्रात मोजलेत ना, ती म्हणाली. पावसाने तेव्हा अंगणाची माती वाहून गेलेली असते. परवा तुळशीच्या लग्नासाठी अंगण नवे केले, माती घातली, चोपली, सारवली. अंगण वर आले आणि पायरी बुटकी झाली. आणि उतरतात म्हणाले ते एरवीचे, पावसाळाभर बुवा खाली उतरतच नाहीत, पडवीतच फेऱ्या मारतात.

बघा. कोकणात जन्मलेला माणूस, लहानपणी दर वर्षी अंगण चोपलेला माणूस, आणि तोच हे विसरला. टायरची कड त्याने बोटभर चुकू दिली नाही आणि पायाखालची जमीन मोजायची राहिली.

बुवा हसले. दुखावलेले हसू नव्हते ते, पण त्यांनी घराकडे पाऊल मात्र वळवले.

"बुवा, थांबा," मालिनीकाकू म्हणाल्या. "तुमचे पाय धुवायचे राहिलेत."

बुवांचे पाय धुऊन त्यांना ओवाळायचे, हा पाळीवाल्या घराचा मान. तो एरवी देवळाच्या दारात होतो, म्हणून लागणारे सगळे गाडीच्या डिकीत होते. काकूंनी डिकी उघडली. तांब्या काढला, ताम्हन काढले, पंचा काढला आणि सासूबाईंच्या वेळचा फणसाचा पाट काढला. तो जाडजूड पाट त्यांनी उघड्या दारापुढे, साइड स्टेपला लागून मांडला आणि पदर सावरून उभ्या राहिल्या.

बुवा पाटाकडे बघत राहिले. मग काकूंकडे. मान म्हणून मांडलेल्या पाटाला नाही कसे म्हणायचे? ते पाटावर चढून उभे राहिले. काकूंनी ताम्हनात पाय धुतले, गुरुप्रसादांनी ते बोटांच्या बेचक्यांपर्यंत पंचाने कोरडे केले. कुंकू झाले, निरांजन फिरले. ताम्हन बाजूला झाले आणि बुवा पाटावर तसेच उभे होते. त्यांनी उजवा पाय उचलला. तो साइड स्टेपवर सहज टेकला. दाराच्या कडीला धरून दुसरा पाय आला, आणि बुवा सीटवर बसले. कोणाचा हात लागला नव्हता.

उपरणे सारखे करत त्यांनी विचारले, "मालिनी, पाट नेमका तिथेच का मांडलास?"

"सावली होती, बुवा."

बुवांनी बाहेर वाकून पाहिले. भर दुपारचे ऊन त्या जागी सांडले होते. त्यांनी झांज मांडीवर ठेवली, पुढे बघितले, आणि गाडी सुरू होणार एवढ्यात म्हणाले, "पाट आत घ्या रे. देवळाशी उतरायचंय मला."

गुरुप्रसादांनी पाट मांडीवर घेतला आणि सगळा रस्ता तो तसाच धरून ठेवला. सड्यावर जांभ्याचे खडे चाकाखाली करकरले, पण जाड टायरांनी ते पोटात घेतले. मग पुढच्या सीटवरून एक बारीक सूर आला. बुवा पद गुणगुणत होते. मागच्या सीटवर काकूंनी नवऱ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "बुवांचा सूर उतरलेला नाही हं." गुरुप्रसाद डोळे पुसत बसले होते. कीर्तन अजून सुरू व्हायचे होते आणि त्यांचा उत्तररंग लागलाही होता.

त्या दिवशी बुवा देवळाच्या दाराशी पाटावर उतरले, पाटावरून देवापुढे चालत गेले, आणि एकोणचाळिसावे कीर्तन उभे राहिले. पुढच्या पाळीवाल्याने आत्ताच सांगून ठेवले आहे की गाडी आमची, पाट तुमचा.

झाली गोष्ट. आता उठताना माझे एवढे ऐका. घरातल्या कोण्या थकल्या माणसाला गाडीत बसवायची वेळ आली आणि तुमचा हात त्याच्या काखेकडे निघाला, तर क्षणभर थांबा, आणि भर उन्हात सावली होती म्हणणाऱ्या मालिनीकाकूंची आठवण काढा.