सरांची घरची प्रत

१९९८ साली आरमोरीच्या एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवणारे निकुरे सर म्हणजे बडी असामी. इटलीतल्या एका मध्ययुगीन महाकाव्यावर त्यांचा तास असला की शेजारच्या वर्गातली पोरंही येऊन बसत. सर डोळे मिटून एकेक संज्ञा उलगडत: रूपककथा, त्रिपदी, पथदर्शक, पापानुरूप शिक्षा. व्याख्या तोंडपाठ, कारण गाइड तोंडपाठ. खुद्द महाकाव्य मात्र या गृहस्थांनी कधी वाचलंच नव्हतं. ग्रंथालयातली एकुलती एक इंग्रजी प्रत अकरा वर्षं त्यांच्या नावावर होती आणि त्यांच्या कपाटात सुखानं पडून होती.

सत्यशीला ही त्यांची विद्यार्थिनी. तिचा बाप केवळराम वैनगंगेवर डोंगा चालवायचा, माणसं पार करायचा. महाकाव्यातही मेलेल्यांना नदीपार नेणारा एक नावाडी आहे, हे कळल्यापासून तिला चैन नव्हती. सोमवारी त्याच्यावरच वर्गात निबंध वाचायचा होता. तिनं चारदा पुस्तक मागितलं. पाचव्यांदा, शुक्रवारी, सरांचे बहाणे संपले आणि पुस्तक तिच्या हातात आलं.

तिनं तिथंच पुस्तक उघडलं. जुन्या पद्धतीची बांधणी, पानं कडेला एकमेकांना जोडलेली. वाचणाऱ्यानं कापत कापत पुढं जायचं. एकही पान कापलेलं नव्हतं.

"सर, हे पानं तं जुळूनच आहेत."

सरांचे कान तापले. "मी माझी घरची प्रत वापरतो."

"मंग नावाडी कसा आहे जी? बाबाले सांगतो."

अजूनही खरं बोलता आलं असतं. पण इतक्या वर्षांची अब्रू! "शांत, दयाळू म्हातारा," सरांनी ठोकून दिलं. "सगळ्यांना हाताला धरून बसवतो." पोरगी खूश होऊन गेली. सरांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

सोमवारी सत्यशीला निबंध वाचायला उभी राहिली. "नावाडी रागीट आहे. त्याचे डोळे लालभडक आहेत. तो ओरडतो, रेंगाळणाऱ्याला वल्ह्यानं हाणतो."

"काऊन वो, दयाळू आहे म्हणे ना?" मागच्या बाकावरचा निकेश बोलला. "सरनंच सांगतलं म्हणत होती तू."

सत्यशीलानं सरांकडे पाहिलंच नाही. "सरच्या घरच्या प्रतीत तसं असन."

धरणीनं पोटात घ्यावं असं सरांना झालं. आपलं खोटं उघडं पडलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण ते झाकायला या पोरीला खोटं बोलावं लागलं, याची लाज त्यांना सोसवेना.

"घरी प्रत नाही," ते म्हणाले. "मी हे काव्य वाचलेलं नाही. एकदाही नाही."

कुणी हसलं नाही.

"मले शनिवारीच समजलं होतं, सर," ती हळूच म्हणाली.

"पानं कापताना?"

"नाई जी. त्याच्या आंधीच. बाबाले म्हटलं, नावाडी दयाळू आहे, तं तो हासला. म्हणे, डोंगेवाला वरडन नाई तं सारे एकाच आंगाले बसतीन अन् डोंगा उलटन. तुह्या सरनं ते पुस्तक वाचलं नाई, पोरी."

केवळरामला अक्षरओळख नव्हती.

सरांनी हात पुढं केला. तिनं पुस्तक दिलं. ते नावाड्यापर्यंतच कापलेलं होतं, पुढची सगळी पानं तशीच जुळलेली.

"ब्लेड आहे का गं तुझ्याकडे?" सरांनी विचारलं. मान वर करून तिच्याकडे बघणं मात्र त्यांना जमलं नाही.