म्हातारा लुई

जकात खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला सरळ गाठोडंही वाकडं दिसतं. मी पेन्शनीत निघालो, पण ती नजर काही निघाली नाही.

मला नाद फ्रान्सच्या राजांच्या जुन्या चांदीच्या नाण्यांचा. मलबारातल्या फ्रेंचांच्या माहे बंदराच्या बाजूला जाणाऱ्या गलबतांतून ती कधीकाळी इकडे आली असावीत, असा माझा अंदाज. रत्नागिरीत त्यांचं कुणाला कौतुक नव्हतं. मोडीत आली की मुशीत जायची. त्याआधी मला हाक मारणारा एकच माणूस, काशीराम सोनार. वीस वर्षांचा आमचा स्नेह. नाण्याचा संशय आला की सोनार छिनीनं चीर पाडून आत तांबं आहे का बघतात. राजांच्या चेहऱ्यांना मात्र छिनी लावायची नाही, अशी मी काशीरामला शपथ घातली होती आणि त्यानं ती पाळली होती.

पंधरावा लुई माझ्याकडे दोन वयांत होता. एक कोवळ्या गालांचा, दुसरा कपाळाला पट्टी बांधलेला. म्हातारा लुई तेवढा मिळत नव्हता.

"मिळेल वो हरीभाऊ, मी डोळ्यांत तेल घालून बसलोय," काशीराम म्हणायचा.

एकतीस सालच्या दिवाळीआधी पट्टीवाला लुई मी त्याच्याकडे वजनाला ठेवला. दोन दिवसांनी त्यानं कागदात गुंडाळून दिला, तो मी न बघताच डबीत टाकला. भाऊबीज उरकल्यावर डबी उघडली आणि माझे डोळेच पांढरे झाले. काळासावळा राजा लखलखत होता! मी लगेच ओळखलं. काशीरामनं अस्सल नाणं ठेवून घेतलं, साच्यातून नवं ओतलं आणि माझ्या गळ्यात मारलं. मग मागचंही एकेक आठवू लागलं. गेल्या वर्षी एक नाणं त्यानं चार दिवस का ठेवलं होतं? मला बघून पेटी का मिटली होती?

तसाच दुकानात गेलो. पालीचं एक कुटुंब लग्नाचे दागिने सांगायला बसलं होतं. त्यांच्यादेखत नाणं त्याच्यापुढे आपटलं.

"अस्सल कुठंय, काशीराम?"

त्यानं नाणं उचलून कड बघितली. "हेच ते, हरीभाऊ. वजन करून बघा."

"तुझ्याच तराजूवर? चोरानंच पंचनामा करायचा?"

पालीची मंडळी एकमेकांकडे बघत उठली आणि दागिने न सांगताच निघून गेली. काशीराम मान खाली घालून मांडलेले दागिने पेटीत ठेवू लागला. म्हणजे अस्सल विकून पैसे खाल्लेन, असं मी घरी येऊन बायकोला, दमयंतीला, ठासून सांगितलं.

"अहो, त्यानं काय केलंन म्हणता?" ती म्हणाली. "लक्ष्मीपूजनाला मीच चिंच लावून घासला तो. देवीपुढं काळं रुपं ठेवायचं होतं काय?"

भिंग घेऊन कड तपासली. साच्यातून कधी न उठणारी कडेवरची अक्षरं जागच्या जागी होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सकाळी दुकान उघडताच जाऊन उभा राहिलो. "काशीराम, चुकलो मी. दमयंतीनं घासलं होतं."

"बसा, साहेब," तो म्हणाला. वीस वर्षांत त्याच्या तोंडून साहेब कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं पेटी उघडली आणि एक नाणं ऐरणीवर ठेवलं. सुटलेली हनुवटी, डोक्याला पानांची माळ. म्हातारा लुई!

"धनत्रयोदशीला आला. दिवाळीचे पाहुणे गेले की घेऊन यायचा होता तुमच्याकडे."

मी हात पुढे केला. त्यानं छिनी उचलली.

"अरे, नको! काशीराम, माझी शपथ आहे!"

"नाय, साहेब. उद्या परत शंका नको."

एकच घाव. राजाचा गाल कानापर्यंत फाटला. काशीरामनं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "बघा, आत तांबं हाय काय."

मी बघितलं नाही. मूठ मिटून पायऱ्या उतरलो. त्यानंतर त्याच्या दुकानात मोडीत काय काय आलं, ते मला कधीच कळलं नाही.