घडवंचीवरचं सांजेचं ताट

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझं नावही ऐकलं नसेल, पण त्यात तुमचा काही दोष नाही. पाण्याच्या घागरी जमिनीपासून उंच ठेवायला घरोघरी चार पायांची लाकडी बैठक असायची, ती मी. कुरुंदवाडच्या एका सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि असं ठोकून बसवलं, की आजवर माझा एकही सांधा हललेला नाही. हे मी जरा मिरवूनच सांगते.

रत्नाबाई त्या घरात सून म्हणून आल्या, तेव्हा त्यांनी आणलेली पहिली घागर माझ्यावरच टेकली. घर जैनांचं. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय घागरीत पडायचं नाही आणि दिवस मावळल्यावर कुणी घास तोंडात घालायचा नाही. संध्याकाळची जेवणं सगळ्यांनी मिळून उजेडातच उरकायची. मी भरल्या घागरी पेलत शेजारी उभी असायची. पाणी झिरपून माझे पाय काळे पडले, पण कुजले नाहीत.

पुढे नळ आला, फिल्टर आला आणि माझी रवानगी परसात झाली. माझ्यावर कधी गोवऱ्या रचल्या, कधी फाटकी पोती. रत्नाबाईंचे यजमान गेल्यावर मुलगा केतन त्यांना कोल्हापूरला आपल्या घरी घेऊन आला. मलाही टेम्पोत चढवा, असा रत्नाबाईंनी हट्ट धरला. हे बंबात घालायला नेताय का, असं टेम्पोवाल्याने विचारलं. रत्नाबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो लगेच मला उचलायला आला.

त्याचं फार चुकलं होतं असं नाही. कोल्हापुरात पहिला सबंध पावसाळा मी बंबाच्या सरपणाशेजारी पडून होते आणि रोज आपली पाळी येते का याची धास्ती घेत होते.

केतन कागलच्या एमआयडीसीत नोकरी करतो. सुट्टीला त्याला जुन्या वस्तूंतून काहीतरी करायचा नाद लागला. त्याने मला घासलं, तेल पाजलं, गावाकडच्या मोडक्या दाराची फळी माझ्या डोक्यावर बसवली आणि पायांसकट निळा रंग दिला. मी अंगणातलं टेबल झाले. दुधाच्या दोन रिकाम्या कॅनवर गाद्या शिवून त्यांची बैठक केली. चेपलेल्या घंगाळात मोगरा लावला. येणारेजाणारे थांबून कौतुक करायचे, फोटो काढायचे. बंबाच्या दारातून परत आलेल्या मला आणखी काय हवं होतं!

ऊन लागून रंग उडू नये म्हणून केतनने मला पश्चिमेच्या भिंतीकडेला ठेवलं. भिंतीपलीकडे तीन मजली इमारत आहे, त्यामुळे तिथे दुपार कलली की सावली.

आता संध्याकाळी रत्नाबाई माझ्यावर ताट ठेवून जेवायला बसू लागल्या. केतन आणि त्याची बायको भाग्यश्री अंधार पडल्यावर कामावरून येत, त्यामुळे त्या एकट्याच असायच्या. दोन घास खायच्या, दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरून बघायच्या आणि ताट झाकून ठेवायच्या. उरलेली भाकरी सकाळी गाईला जायची. मी रोज बघत होते. त्यांची मनगटं बारीक झाली, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मला बोलता येत नाही, मित्रांनो, याचं इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

घरच्यांना त्या वाळलेल्या दिसत नव्हत्या, असं नाही. पण त्यांना वाटलं, आईने मनाशी काही व्रत धरलंय. चातुर्मास चालू होता. व्रताबद्दल खोदून विचारू नये, अशी त्या घरची रीत. उलट पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं जायचं, आमच्या आई या वयातही किती कडक पाळतात बघा.

एका शनिवारी भाग्यश्री शिकवते ती शाळा लवकर सुटली. तीही आपलं ताट घेऊन दुसऱ्या कॅनवर येऊन बसली. रत्नाबाईंनी नेहमीप्रमाणे तळहात बघितले आणि भाकरी बाजूला सारली.

"आत्याबाई, एवढ्यात का थांबलासा?" भाग्यश्रीने विचारलं. "दिवस अजून वर हाय की."

"कुठला वर? हाताच्या रेघा दिसंनात. रेघा दिसंनात की घास उचलायचा न्हाय, आईनं शिकवलंय मला."

भाग्यश्रीने मान वर केली. फाटकाबाहेरचा रस्ता पिवळ्या उन्हात न्हाऊन निघाला होता. अंधार होता तो फक्त आमच्या कोपऱ्यात, इमारतीच्या सावलीचा.

"म्हंजे तुमचं व्रत न्हाय व्हय?"

"कसलं व्रत?" रत्नाबाई म्हणाल्या. "भूक लागती की मला."

भाग्यश्रीने हातातला घास परत ताटात ठेवला. मग ती उठली, तिने मला एका बाजूने धरलं आणि फरशीवरून फरफटत फाटकाजवळ नेलं. माझ्या पायांचा रंग खरवडून निघाला. तिथे रस्ता सरळ मावळतीकडे जातो, सूर्य बुडेपर्यंत ऊन हटत नाही. तिने सासूचे हात उन्हात धरले. रत्नाबाईंनी रेघा बघितल्या आणि पूर्ण भाकरी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना रत्नाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू सापडला, दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं. आता भाग्यश्री शनिवारी घाई करून येते आणि केतन सुट्टीच्या दिवशी उजेडातच जेवतो, माझ्याच फळीवर.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, त्यांना तेल द्या, रंग द्या, अंगणात मानाने ठेवा. पण वस्तू जपताना तिच्यापाशी एकटं बसलेलं माणूस जेवलं का, तेही बघा. उन्हाने माझा निळा रंग पोपडे धरून गळतोय. केतन परवा म्हणाला, परत सावलीत ठेवूया का? रत्नाबाईंनी माझ्यावर हात पसरून ठेवला होता, तो त्यांनी उचलला नाही. माझंही तेच म्हणणं आहे. रंग उडू दे.