न घातलेलं पाणी

आदोनारा बेटावरच्या त्या गावात पेनीच्या हातून जन्मलेली माणसं मोजायची म्हटली तर अर्धं देऊळ भरलं असतं. चाळीस वर्षं तिनं सुईणपण केलं. आता गुडघे साथ देत नव्हते, तरी पोटुश्या बायका तिच्याकडून एकदा पोट चाचपून घ्यायच्याच.

त्या रविवारी देवळात नवे फादर न्यायाच्या दिवसाबद्दल बोलले. वयानं पोरसवदा, पण आवाज खणखणीत. "त्या दिवशी देव तुम्हाला शेजाऱ्याबद्दल विचारणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या आईबापाबद्दल नाही, मुलांबद्दल नाही. तुमचं तोंड, तुमचे हात, तुम्ही. तिथं दुसऱ्याला पुढं करता येत नाही."

पेनीनं मान खाली घातली. पुढच्या बाकावर बारेकची लेक ओसे एकटीच बसली होती. बारेक आता घराबाहेर पडत नव्हती. तिच्या पोटात पाणी झालं होतं, आणि मोठ्या इस्पितळानं "घरी न्या" म्हणून सांगितलं होतं.

प्रार्थना संपल्यावर पेनी नेहमीसारखी तिच्याकडे गेली. बारेक खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहरा वाळून गेला होता, डोळे मात्र हसत होते.

"मला आता कसली भीती नाही गं पेनी," ती म्हणाली. "तिकडे माझा लुकास दाराशी उभा असेल. तूच त्याला देवाच्या हवाली केलंस. तुझे उपकार कसे फेडू?"

पेनी काहीतरी पुटपुटली आणि लवकर उठली.

लुकास म्हणजे बारेकचं पहिलं मूल. चौतीस वर्षांपूर्वी भर दुपारी जन्मलं, जेमतेम दोनचार श्वास घेतले आणि गेलं. अशा वेळी फादरची वाट न बघता सुईणीनंच बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा, नाहीतर ते देवाकडे पोचत नाही, असं गावात मानत. बारेक शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला होता, "पाणी घातलंस ना? बाप्तिस्मा दिलास ना?" पेनी म्हणाली, "दिला." "नाव काय ठेवलंस?" पेनीच्या तोंडून निघून गेलं, "लुकास." मग ते नाव लहानशा क्रुसावर आलं. दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी बारेक तिथं मेणबत्ती लावायची. आणि पेनीनं पाणी घातलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेनीनं पापनिवेदनाच्या पेटीत गुडघे टेकले आणि सगळं सांगून टाकलं.

"आजी, ते बाळ देवाकडून हरवलेलं नाही," फादर म्हणाले. "देव तुमच्यापेक्षा दयाळू आहे, त्याची काळजी सोडा. पण खोटं तुमचं आहे."

"क्षमा मिळेल ना?"

"तुम्ही मागितलीत, तर मिळालीच."

"मग बारेकला सांगायचं का?"

"ते मी ठरवणार नाही."

"फादर, तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

"या पेटीतलं मी कुणाला सांगू शकत नाही," फादर म्हणाले. "आणि सांगू शकलो असतो, तरी तुमच्या जागी मी कसा उभा राहू?"

पेनी बाहेर आली ती चरफडतच. काल तोंड भरून उपदेश केला, आणि आज कामाच्या वेळी हात वर! पण घरापर्यंत चालता चालता तिचा राग निवला. ते खरंच होतं. तिचं ओझं दुसऱ्या कुणाला उचलता येत नव्हतं.

मंगळवारी ओसे शेवग्याचा पाला खुडायला गेली तेवढ्यात पेनी बारेकच्या खाटेजवळ बसली.

"बारेक, मी लुकासला पाणी घातलं नव्हतं."

बारेकनं उशीवरून मान उचलली.

"माठ हाताशी होता. विसरले मी. तुझं रक्त थांबेना, माझे दोन्ही हात त्यातच. आठवलं तेव्हा तो गार पडला होता. तू विचारलंस तेव्हा हिंमत झाली नाही. आणि पुढं सगळे मला नावाजायला लागले. जुन्या फादरनी देवळात माझं कौतुक केलं. तू दर हंगामात पहिला मका मला धाडलास. मला ते गोड लागत होतं गं. म्हणून बोलले नाही. भीती होती, पण नुसती भीती नव्हती."

बारेकनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा," एवढंच म्हणाली.

बुधवारी बोलावणं आलं नाही. गुरुवारीही नाही. पेनीच्या घशाखाली घास उतरेना. मरणाऱ्या बाईची शांती आपण हिसकावली, असं तिला वाटत होतं. पण खोटं परत तोंडात घ्यावं असंही एकदासुद्धा वाटलं नाही, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

शुक्रवारी सकाळी ओसे दारात आली. "मावशी, आई बोलावतेय. दोन दिवस फणफणतेय. काय झालंय तुमचं? मला तर काही सांगत नाही."

बारेक जागी होती. पेनी दारातच थांबली.

"ये आत. खांबासारखी उभी राहू नकोस," बारेक म्हणाली. "चौतीस वर्षं तू मला फसवलंस."

"हो."

"काल फादर मरणाआधीचं पवित्र तेल लावायला आले होते. त्यांना मी विचारलं, पाण्यावाचून गेलेलं मूल कुठं जातं? म्हणाले, देव पाण्यापाशी अडून बसत नाही. मी म्हटलं, नक्की? तर म्हणाले, आई, तुमच्यापेक्षा देवाचं त्या बाळावर प्रेम कमी असेल का? मी म्हटलं, कमी असेल तर मला त्याच्याशी भांडावं लागेल." ती हसली, आणि खोकला आला. पेनीनं पुढं होऊन तिला धरलं.

"त्या दिवशी माझं किती रक्त गेलं होतं?" खोकला थांबल्यावर तिनं विचारलं.

"चटई भिजली होती. तू जातेस असंच वाटलं होतं."

"ते तू मला कधी सांगितलं नाहीस."

"स्वतःची बाजू मांडल्यासारखं झालं असतं."

बाहेर ओसेच्या मका कुटण्याचा आवाज येत होता.

"नाव खोटं होतं का गं?"

"नाव मी तेव्हाच ठेवलं. ते त्याचंच आहे."

"मग झालं." बारेकनं तिचा हात चाचपून धरला. "ऐक. तिकडे मी तुझी वकिली करणार नाही हं. तुझं तूच सांगायचंस."

"सांगेन."

"मी शेजारी उभी राहीन. तेवढं मला करता येईल."

पेनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचं तिनं मनावर घेतलं नाही.

"रडून झालं की माझे केस विंचर," बारेक म्हणाली. "ओसे फार ओढते."

पेनीनं खोबरेल लावून तिचे पातळ केस सावकाश विंचरले. बारेक मध्येच डुलकी घ्यायची, मध्येच गावातल्या कुणाची तरी उखाळीपाखाळी काढायची, आणि दोघी हसायच्या. दुपारी ओसेनं कालवण आणि कुटलेला मका पुढं ठेवला. पेनीनं दोनदा मागून घेतलं.

"मावशी, बऱ्याच दिवसांनी जेवलात," ओसे म्हणाली.

"भूक लागली होती गं," पेनी म्हणाली, आणि ताट निपटून खाल्लं.